सिस्टरबाईंनी दिलेलं घर

रविवारची उपासना आटोपून घरी येते, जेवणं होतात, भांडी घासून उपडी घालते आणि मग थोडा वेळ माझा जीव थाऱ्यावर नसतो. ओढणी नीट करून कुठेतरी निघायचं आहे, असं वाटत राहतं. पाय चप्पल शोधतात. मग आठवतं, की आता जायचं नाही. पांढरकवड्यात पाण्याच्या टाकीमागे ज्या घरी मी जायची तिथे आता बँकेतले कोणी भाडेकरू राहतात. दारातली जास्वंद त्यांनी ठेवली आहे म्हणतात. मी पाहिलेली नाही. बाजारात जाताना मी लांबच्या रस्त्याने जाते.

ते घर सिस्टरबाईंचं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नवरा लवकर वारला, मुलगा शिकून पुण्याला गेला, आणि रिटायर झाल्यावरही गावाने त्यांना सिस्टरबाई म्हणणं सोडलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत तर पाळकांच्या खालोखाल त्यांचाच शब्द. आमचे पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात. आमच्याकडे ते महिन्यातून दोनच रविवार येतात, बाकीचे दोन रविवार आम्ही गाणी म्हणायची, कोणीतरी शास्त्र वाचायचं आणि घरी जायचं. कोणाकडे आजारपण आलं, नवराबायकोत बिनसलं, कोणी मंडळीत यायचं सोडलं, तरी पाळकसाहेबांना कळेपर्यंत पंधरा दिवस निघून जात.

म्हणून त्यांनी ठरवलं, की प्रत्येक गावात चार-पाच साधे सभासद तयार करायचे. घरोघर जाणारे, नव्याने आलेल्यांचा हात धरून चालणारे, वेळ पडली तर उपासना घेणारे. शिष्यत्वाचं प्रशिक्षण, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते. हे शिकलेल्या लोकांचं काम, असं म्हणून मी ते तिथेच सोडून दिलं.

मी बायकांचे कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. त्याच आठवड्यात सिस्टरबाई ब्लाऊज घेऊन आल्या. बाह्या सैल करायच्या होत्या. मी माप घेत होते आणि त्या सहज म्हणाल्या, "तुहं नाव देलं मी."

"कशात, बाई?"

"ट्रेनिंगमधी. रविवारी जेवून ये माह्या घरी."

माझ्या हातातली टेप खाली पडली. "बाई, मले चारचौघांत बोलता येत नाही. प्रार्थना बी मनातल्या मनातच होते माही."

"मले माहीत हाय. म्हनूनच देलं. बोलनारे लय हायेत वो मंडळीत. कोनी आयकनारी पाह्यजे नं."

आम्ही चौघं होतो. मी, बसस्टँडजवळ चिकनचं दुकान चालवणारं एक जोडपं, आणि गॅस एजन्सीतला एक कारकून. बाईंच्या बैठकीच्या खोलीत पंखा खडखड करायचा. पाळकसाहेबांनी धडे दिले होते, ते आम्ही आळीपाळीने वाचायचो. कारकून फार छान वाचायचा, रेडिओवर बातम्या द्याव्यात तसा. धडा संपला की आम्हाला वाटायचं, आता बाई समजावून सांगतील. पण बाई उठून पायात चप्पल घालायच्या. आमच्यातल्या एकाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आज तू चाल." बाकीच्यांनी चहा करून पिऊन जायचं.

माझी पहिली पाळी आली तेव्हा आम्ही एका घरी गेलो. सासऱ्याला अर्धांगवायू झाला होता आणि सुनेचं सगळं तोंड जागरणाने सुजलेलं होतं. मी वाटेभर मनात प्रार्थना जुळवत होते. कशी सुरुवात करायची, मधे काय म्हणायचं, शेवट कसा. घरात शिरल्यावर बाईंनी म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, सुनेकडे एकदा पाहिलं, आणि सरळ मोरीत गेल्या. साडी खोचून खरकटी भांडी घासायला बसल्या. मला म्हणाल्या, "तू झाडू घे."

सून आधी नको नको म्हणाली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. तिला कोणी गप्प केलं नाही. भांडी पालथी घालून बाई आल्या, पदराला हात पुसले, आणि दोन वाक्यांची प्रार्थना केली.

परत येताना मी विचारलं, "बाई, इतकी लहान प्रार्थना?"

"तिची झाली नं रडून. आपुन नुसतं आमेन म्हनलं."

धडे मी आता विसरले. ही दुपार विसरले नाही.

काही आठवड्यांनी बाईंनी प्रत्येकाला एकेक घर दिलं. "वर्षभर हे घर तुहं. आठवड्यातून एकदा जायचंच."

"जाऊन शिकवायचं काय?" चिकनवाल्याने विचारलं.

"कायले शिकवतं? जात जाय आधी."

माझ्या वाट्याला आलेलं घर हायवेच्या बाजूला होतं. मुलगा ट्रक चालवायचा. नागपूरहून माल घेऊन हैदराबाद, तिकडून आणखी कुठे, त्यामुळे घरी तो पाहुण्यासारखा असायचा. घरात त्याची आई, बायको आणि बोबडं बोलणारी एक मुलगी. बायको दिग्रसकडची, बौद्ध घरातली. दोघांनी आपल्या मनाने लग्न केलेलं. ती मंडळीत यायची, पण मुलीला मांडीवर घेऊन दाराजवळ बसायची आणि शेवटच्या गाण्याला निघून जायची. सासू जुनी ख्रिस्ती, तोंडाची तिखट. सुनेशी तिचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हातारी म्हणाली, "आली का तपासनी? पाह्य आमचं घर. कुठी धूळ दिसली तं सांग तुह्या सिस्टरबाईले."

मी बसले. ती मेथी निवडत होती. मीही एक जुडी ओढली. तासभरात आम्ही दोघी मेथी सोडून दुसरं काही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात तुरीची डाळ. तिसऱ्या आठवड्यात तिने मला पाहून दार लोटून घेतलं. मी बाईंकडे जाऊन म्हटलं, मला दुसरं घर द्या. बाई हसल्या. "राग करते म्हनजे तुले घरातली समजून राह्यली. परक्याले चहा पाजून वाटेले लावतात."

मग मला एकदा ताप आला आणि माझा एक आठवडा चुकला. त्या संध्याकाळी सून दारात उभी. पदराखाली डबा. "आईनं पाठवलं. विचारते, काहून नाही आल्या म्हनून." डब्यात मेथीचे पराठे होते. मी तापातच खाल्ले आणि रडले. एवढं रडण्यासारखं त्यात काय होतं, हे मला माझ्या नवऱ्याला समजावून सांगता आलं नाही.

ट्रकवाल्या मुलाची आणि माझी भेट दोन-चारदाच झाली असेल. मोकळा माणूस. मला ताई म्हणायचा आणि आईची नक्कल करून दाखवायचा. एका रविवारी मी निघाले तेव्हा त्याचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता आणि तो टायर तपासत होता.

"ताई, एक काम करा नं. माह्या गाडीसाठी प्रार्थना करा. बाकीचे ड्रायव्हर लिंबू-मिरची लावतात, नारळ फोडतात. आपुन तं काहीच करत नाही. मंग काही तं पाह्यजे."

"मी? मोठ्यानं?"

"मंग मले कशी आयकू येईन?"

मी आजूबाजूला पाहिलं. पंक्चरवाला पाहत होता. बोनेटवर हात ठेवला तर चटका बसला. ओढणीचं टोक हाताखाली घेतलं आणि पहिल्यांदा एका परक्या माणसासमोर, भर रस्त्यात, मोठ्याने देवाशी बोलले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. गाडी, रस्ता, हा, ह्याची माणसं, सगळं तुझ्या हाती, असं काहीतरी. त्याने टोपी काढून हातात धरली होती. "मस्त," तो म्हणाला, "आता ब्रेक नवीन असल्यासारखे वाटून राह्यले." मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तो उन्हाळा त्यांचा इथला शेवटचा. गुडघे गेले होते. माझ्या घरापर्यंत येतानाही त्या दोनदा थांबायच्या. पुण्याहून त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. ऑपरेशन करू, मग पाहू, असं तो आम्हाला सांगत होता, पण सामान ज्या तऱ्हेने बांधलं होतं त्यावरून काय ते समजत होतं. आम्ही चौघंही सकाळी गेलो. मला वाटलं होतं, त्या काहीतरी सांगतील. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्या पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि खिडकीतून मला एवढंच म्हणाल्या, "ते घर सोडू नको. जात राहजो." गाडी हायवेला लागेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मानही दुखायची त्यांची.

त्यानंतरचे रविवार कोरडे गेले. चिकनवाल्यांच्या घरी आम्ही जमायचो, धडा वाचायचो. धडा झाला की कोणीच उठत नसे. एकमेकांकडे पाहत बसायचो.

ऑगस्टमध्ये सारखा पाऊस लागला होता. एका सकाळी मी मशीनवर बसत होते आणि कारकुनाचा फोन आला. आदिलाबादच्या पलीकडे उभ्या कंटेनरवर ट्रक धडकला होता. आपला ड्रायव्हर गेला.

मी त्या घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायका जमल्या होत्या. म्हातारी खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होती. सून दिसेना. ती आत चुलीजवळ बसली होती, मुलीला दूध-पोळी कुस्करून भरवत, एकेक घास, अगदी सावकाश. मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मोरीत रात्रीची भांडी तशीच होती. मी उठून ती घासली. चहाचं आधण ठेवलं.

देह दुसऱ्या दिवशी येणार होता. तिकडे पोस्टमॉर्टेम, कागद, सगळं. पाळकसाहेब सभेसाठी चंद्रपूरला गेलेले आणि वर्धा नदीच्या पुलावरून पाणी. त्यांचा फोन मोठ्या मुश्किलीने लागला. ते म्हणाले, लांबच्या रस्त्याने निघतो, पण पोचेन याचा भरवसा नाही. देह जास्त वेळ ठेवता येणार नाही. "तुमच्यापैकी कोणीतरी दफनविधी घ्या. तुम्ही घ्या, ताई. त्या घरी तुम्ही जाता." मी काही म्हणायच्या आत आवाज तुटला.

मंडळीतले एक वयस्क गृहस्थ बाहेर मांडवात म्हणाले, "बाईमानसानं कबरीवर उपासना घेतलेली मी नाही पाह्यली. साहेबांची वाट पाहू." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मलाही तेच हवं होतं. मी हो म्हणणारच होते.

आतून म्हातारी उठून आली. बातमी आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "माह्या लेकाची गाडी हिनं देवाच्या हाती देली होती. आता लेकरू बी हीच देईन."

तिला ते बोलताना कसं वाटलं असेल, मला माहीत नाही. मला ते ऐकवलं नाही. मी घराच्या मागे गेले, पत्र्याखाली उभी राहिले आणि पुण्याला फोन लावला.

"बाई, त्या गाडीवर मी हात ठेवला होता."

पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की मला वाटलं फोन कटला.

"मले नाही माहीत, पोरी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात किती लेकरं माह्या हातात गेली. एकाचं बी कारन मले कोनी सांगतलं नाही. मी बी देवाले विचारत होती, घरी येऊन. अजून विचारते."

"मंग मी तिथं काय बोलू?"

"जे खरं हाय ते बोल. त्याची माय समोर बसली राहीन. तिच्यासमोर खोटं टिकत नाही." मग म्हणाल्या, "मी तिथं पाह्यजे होती वो." तोपर्यंत मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं.

दफनाच्या वेळी पाऊस थांबला नाही, फक्त बारीक झाला. काळी माती चपलेला धरत होती. दिग्रसहून सुनेचे आईवडील जीप करून आले होते, पांढऱ्या कपड्यांत, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले. लग्नानंतर ते या घरी पहिल्यांदाच येत होते. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आम्हाला तुमचं काही माहीत नाही. आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्ही लेकीजवळ उभे राहा, काका. आणि शेवटी माती द्या." ते तसेच उभे राहिले, लेकीच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भिजत.

मी स्तोत्र वाचलं. कारकुनाने दुसरं वाचन केलं आणि यावेळी त्याचा आवाज रेडिओसारखा नव्हता. मग मला बोलायचं होतं. मी म्हातारीकडे पाहिलं आणि म्हटलं, ह्या माणसाने मला मोठ्याने प्रार्थना करायला लावली. मी त्याच्या गाडीसाठी मागितलं होतं, आणि जे मागितलं ते मिळालं नाही. का, ते मला माहीत नाही. पण मी त्याला ज्याच्या हाती दिलं होतं, त्याच्याच हाती आज परत देते आहे. माझ्याजवळ दुसरा हात नाही.

एवढंच. ज्या गृहस्थांनी वाट पाहू म्हटलं होतं, त्यांनीच गाणं उचललं. शवपेटी खाली सोडताना दोर माझ्या तळहाताला काचला, कारण एक माणूस कमी पडला आणि मी पुढे झाले. पाळकसाहेब संध्याकाळी पोचले, चिखलाने माखलेले. त्यांनी कबरीजवळ उभं राहून प्रार्थना केली आणि घरी येऊन म्हातारीच्या पायाशी बसून राहिले.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. बाई पुण्यातच आहेत. ऑपरेशन चांगलं झालं, त्या चालतात. मुलाच्या सोसायटीजवळ मोठं चर्च आहे, एसी आहे, गाण्याचे शब्द पडद्यावर येतात. मी एकदा म्हटलं, बाई, बरंच आहे की. तर म्हणाल्या, "हाय बरं. पन मले कोनाच्या घरी जाता येत नाही. आधी फोन करा लागते, मंग खाली वॉचमन इचारते कोनाकडे. तोपर्यंत त्याहिचं रडू सुकून जाते." मागच्या नाताळाला येते म्हणाल्या होत्या. मी त्यांच्यासाठी ब्लाऊजपीस आणून ठेवलं, माप माझ्याजवळ होतंच. मुलाला सुट्टी मिळाली नाही. मीही जाईन जाईन म्हणते. शिलाईचे दिवस, मुलांच्या परीक्षा, काही ना काही निघतं. फोनवर आम्ही बोलतो, पण फोनवर त्यांच्याबरोबर रस्त्याने चालता येत नाही. त्या दोनदा थांबायच्या, तेव्हा मीही थांबायची, आणि त्या थांबण्यातच बहुतेक सगळं बोलणं व्हायचं.

माझ्या पुढच्या खोलीत आता रविवारी उन्हं कलल्यावर तिघी धडे वाचायला येतात. पाळकसाहेबांनीच पाठवल्या. त्यातली एक ड्रायव्हरची बायको. नवरा गेल्यावर ती माहेरी जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. वडील न्यायलाही आले होते. सासू तिला जा म्हणाली, आणि ती गेली नाही. दोघींचं अजून सरळ नाही, पण म्हातारी तिच्या हातचंच खाते. पहिल्या वर्षी ती मंडळीत दाराजवळच बसायची. मग एक दिवस मला म्हणाली, "ताई, तुम्ही जाता तिथं मी येऊ का?" मी तिला घेऊन जायला लागले. एका घरी मुलाने विष घेतलं होतं आणि वाचला होता. एका घरी नवरा सोडून गेला होता. ती कमी बोलते. विधवा बाईसमोर जाऊन बसते तेव्हा त्या दोघींमध्ये जे चालतं, त्यात मला जागा नसते. मी दाराशी बसून राहते.

गेल्या रविवारी धडा झाला आणि मी चप्पल घातली. एका नव्या घरी जायचं होतं, पाटणबोरीच्या रस्त्याला. तरणा नवरा करंट लागून गेलेला. ड्रायव्हरची बायको उठली, तिच्या मुलीचा हात माझ्या मुलीच्या हातात दिला, आणि म्हणाली, "ताई, आज मी एकटी जाऊ? तुम्ही आल्या तं ते बाई माह्याशी बोलनार नाही. तुमच्याकडेच पाहीन."

खरं होतं ते. मी म्हटलं, जा.

ती गेली. मी फाटकापर्यंत गेले. वळणावर मेडिकलच्या दुकानाआड ती दिसेनाशी झाली, तिनेही वळून पाहिलं नाही. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. आणि तरी छातीत काहीतरी मागे राहिल्यासारखं रिकामं वाटत होतं. त्या सकाळी गाडी हायवेला लागताना पिशवी मांडीवर धरून बसलेल्या बाईंना काय झालं असेल, ते मला तेव्हा थोडं कळलं. आत येऊन मी मशीनवर बसले. ती परत येईपर्यंत शिवायला काही घेतलं नाही.